शकार, शर्विलक आणि एक साधा नकार: 'मृच्छकटिक' नाटकात वाईट नेमकं कोण?

वेबमालिका पाहणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली 'ग्रे' पात्रांची फार चलती आहे. धड चांगलं नाही, धड वाईट नाही, असं माणूस पडद्यावर दिसलं की लोक खूश होतात आणि जाता जाता जुन्या नाटकांना एक टोला मारतात: तिथे नायक म्हणजे गुणांची खाण, खलनायक म्हणजे दुर्गुणांचं गाठोडं. हे ज्यांना पटतं त्यांनी शूद्रकाचं 'मृच्छकटिक' वाचलेलं नसतं. किमान दीड हजार वर्षं जुन्या या संस्कृत नाटकात घरफोडी करणारा ब्राह्मण आहे, जुगाराचं कर्ज बुडवून पळणारा आणि पुढे भिक्षू होऊन जीव वाचवणारा मालिशवाला आहे, मालकाचा हुकूम धुडकावणारा दास आहे. सज्जन नायक खोटा निरोप धाडतो. न्यायाधीश प्रामाणिक आहे, पण त्याच्या हातून निरपराध माणूस दोषी ठरतो.

मग या नाटकात भलं-बुरं ठरतं तरी कशावर? जन्मावर, धंद्यावर, कायद्यावर की परिणामावर? या लेखापुरतं माझं म्हणणं असं: शूद्रक प्रत्येकाला अशा ठिकाणी आणून उभं करतो जिथे 'नाही' म्हणणं महागात पडतं, आणि तो माणूस काय करतो ते पाहतो.

आधी गोष्ट

उज्जयिनीतला चारुदत्त हा जन्माने ब्राह्मण, पेशाने सार्थवाह, म्हणजे तांडे घेऊन व्यापार करणाऱ्या घराण्यातला. देता देता कंगाल झालेला. नगरीतली श्रीमंत गणिका वसंतसेना त्याच्यावर प्रेम करते. राजा पालकाचा मेव्हणा संस्थानक, ज्याला नाटकात 'शकार' म्हटलं आहे, तिच्या मागे लागलेला. पहिल्या अंकात त्याच्यापासून पळताना ती चारुदत्ताच्या घरात शिरते आणि निघताना आपले दागिने तिथे ठेव म्हणून ठेवते. तिसऱ्या अंकात ते चोरीला जातात, चौथ्यात तिच्याचकडे परत येतात. सहाव्यात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीसाठी नाखूश आहे, त्याला शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाचं नाव या प्रसंगावरून आलं.

त्याच दिवशी गाड्यांची अदलाबदल होते. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते, आणि तुरुंगातून पळालेला गवळ्याचा मुलगा आर्यक चारुदत्ताच्या गाडीत. आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा आवळतो, ती मेली असं समजून पाचोळ्याने झाकतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. नवव्यात खटला. दहाव्यात चारुदत्त सुळाकडे नेला जात असतानाच वसंतसेना जिवंत समोर येते, आर्यक पालकाला मारून राजा होतो.

संस्कृत नाट्यशास्त्रात अशा नाटकाला 'प्रकरण' म्हणतात: कथा पुराणातली नव्हे, कवीने रचलेली, आणि नायक राजा किंवा देव नसून ब्राह्मण, अमात्य किंवा व्यापारी. चांगल्या-वाईटाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. रामाची गोष्ट सांगताना रावण वाईट हे प्रेक्षक घरूनच ठरवून आलेला असतो. प्रकरणात त्याला कोणाचीच ओळख नसते, त्यामुळे पात्राचं माप त्याच्या वागण्यावरूनच काढावं लागतं.

दागिने फिरतात, माणसं उघडी पडतात

चाळीत शेजारणीकडे गेलेली वाटी कशी परत येते यावरून घर कळतं: घासूनपुसून, रिकामी, काही घालून, की येतच नाही. शूद्रकाने दागिन्यांचं हेच केलं आहे. ते ज्याच्या हाती जातात, त्याची परीक्षा होते.

चारुदत्ताकडची ठेव चोरीला गेल्यावर त्याचा मित्र मैत्रेय व्यवहारी सल्ला देतो: नाकबूल करू, कुणी दिलं, कुणी घेतलं, साक्षीदार कुठे आहे? चारुदत्त म्हणतो, भीक मागून भरपाई करीन, पण चारित्र्याला डाग लावणारं खोटं बोलणार नाही. थोड्याच वेळात तो वसंतसेनेला निरोप पाठवतो की तुझे दागिने मी आपले समजून जुगारात हरलो, बदल्यात ही रत्नमाला घे. म्हणजे खोटं बोललाच. पण हे खोटं नीट तपासा. चोरी झाली हे खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, दरिद्री माणसावर संशय आधी येतो, ही त्याची भीती. जुगारी ही बदनामी तो पत्करतो, ठेव गिळल्याचा संशय नको म्हणून. नुकसान स्वतःचं करणारं खोटं आणि दुसऱ्याचं करणारं खोटं यांत शूद्रक फरक करतो. त्यात चारुदत्ताचा अहंकार नाही असं मात्र समजू नये. आपल्या नावलौकिकाची त्याला एवढी काळजी आहे की पुढे खटल्यात तीच त्याच्या गळ्याशी येते.

आणि ती रत्नमाला कुणाची? त्याची पत्नी धूतेची, माहेरून मिळालेली. नवरा बायकोचं धन घ्यायला संकोचेल हे ओळखून ती व्रताचं दान म्हणून मैत्रेयाच्या हाती ठेवते. धूता रंगमंचावर अगदी थोडा वेळ असते, पण या नाटकात मुकाट्याने सर्वांत जास्त देणारी व्यक्ती तीच.

चोराचं शास्त्र आणि चोराची नीती

चारुदत्ताकडची ठेव चोरणारा ब्राह्मण म्हणजे शर्विलक. त्याची घरफोडी हा नाटकातला सर्वांत मजेदार भाग, आणि सर्वांत फसवाही. तो भिंतीसमोर उभा राहून एखाद्या कारागिरासारखा विचार करतो. भोकाचे सात आकार त्याला पाठ आहेत: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, रुंद, स्वस्तिक, पूर्णकुंभ. भाजलेल्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल, असं तो ठरवतो. मापाची दोरी विसरलेला असतो, मग जानवं वापरतो आणि वर त्याचे उपयोग सांगतो: भिंत मापायला, दागिन्याची कडी सोडवायला, कडी-कोयंडा उघडायला, साप चावला तर बांधायला. लगेच साप चावतो आणि तो बोटाला जानवं बांधतो! सकाळी चारुदत्तही ते भोक पाहून आधी कारागिरीचं कौतुक करतो.

हसू येतं म्हणून शर्विलक निर्दोष ठरत नाही. पुढच्या अंकात तो आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, अभिमानाने सांगतो की मी बाईच्या अंगावरचं घेत नाही, ब्राह्मणाचं आणि यज्ञाचं धन घेत नाही, दाईच्या मांडीवरचं मूल पळवत नाही. चोरीतसुद्धा माझी बुद्धी योग्य-अयोग्य पाहते. ही यादी ऐकताना प्रेक्षकाला ठाऊक असतं की त्याने आदल्या रात्री ब्राह्मणाच्याच घरातून एका बाईचे दागिने उचललेत. आपल्या नीतीची फुशारकी आणि आपली कृती यांतली ही फट शूद्रक मुद्दाम उघडी ठेवतो.

मग तो आपल्याला का आवडतो? कारण कसोटीच्या क्षणी त्याचा हात थांबतो. घरात मृदंग, वीणा आणि पोथ्या सोडून काही नाही असं दिसताच तो परत निघालेला असतो. मैत्रेय झोपेत बरळून दागिन्यांची पेटी जवळजवळ त्याच्या हातात कोंबतो, म्हणून चोरी होते. बाहेर पडताना वाटेत कुणी दिसतं, तो मारायला सरसावतो, बाई आहे हे कळताच सोडून देतो. मदनिका वसंतसेनेची दासी आहे, तिला सोडवायला धन हवं म्हणून ही चोरी. ती त्याला दागिने परत करायला लावते, वसंतसेना सगळं ऐकते आणि मदनिकेला मोकळी करून त्याच्याबरोबर पाठवते. ज्या क्षणी हवं ते मिळालं, त्याच क्षणी बातमी येते की त्याचा मित्र आर्यक कैद झाला. नवी नवरी गाडीत, आणि शर्विलक तिला ओळखीच्या घरी पाठवून मित्राला सोडवायला निघतो.

शकार: हसवणारा माणूस घाबरवतो कसा

शकार हा राजाच्या रखेलीचा भाऊ, म्हणून मेव्हणा. त्याच्या बोलण्यात 'स'च्या जागी सगळीकडे 'श' येतो. पुराणकथांचं ज्ञान असं की वसंतसेनेला तो सांगतो, रावणाच्या ताब्यात कुंती होती तशी तू माझ्या ताब्यात आहेस. हनुमानाने सुभद्रेला पळवलं, अशी त्याची समजूत. अंधारात तो म्हणतो की माळेचा वास मला ऐकू येतोय, पण नाकात अंधार भरल्याने दागिन्यांचा आवाज नीट दिसत नाही. प्रेक्षागृह हसून लोळतं.

पहिल्या अंकात ही मूर्खता निरुपद्रवी वाटते, उलट उपयोगी पडते. 'चारुदत्ताचं घर डावीकडेच आहे, निसटू देऊ नका' असं तो ओरडतो आणि वसंतसेनेला पत्ता मिळतो. आठव्या अंकात तोच माणूस, तीच बुद्धी, तेच विनोद. फक्त आता उद्यान निर्जन आहे.

तिथे त्याच्याबरोबर विट आहे. विट म्हणजे श्रीमंताच्या पदरी असलेला सुसंस्कृत, कलावंत सोबती. शकार त्याला वसंतसेनेला मारायला सांगतो. विट म्हणतो, हिला मारलं तर परलोकीची नदी कोणत्या होडीने तरू? शकार म्हणतो, होडी मी देतो. इथे कोण पाहतंय, असं शकार विचारतो. विट सांगतो की दहा दिशा, वनदेवता, चंद्र, सूर्य, वारा, आकाश, अंतरात्मा आणि ही भूमी पाहते आहे. यावर शकाराचं उत्तर: मग कापडाने झाकून मार.

हे उत्तर मला संपूर्ण नाटकातलं सर्वांत भयंकर वाक्य वाटतं. शकाराला पाप कळत नाही असं नाही. पाप म्हणजे कुणीतरी पाहणं, एवढंच त्याला कळतं. त्याचा मेव्हणा राजा असल्याने पाहणाऱ्याला गप्प करता येतं हेही त्याला ठाऊक आहे. पहिल्या अंकातली मूर्खता आणि आठव्यातली क्रूरता ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत: ज्याला आयुष्यात कुणी कधी चूक दाखवली नाही, दाखवायची हिंमत केली नाही, तो असा होतो. रावण-कुंतीची जोडीही आजवर कुणी दुरुस्त केलेली नाही.

एका दासाचा नकार

विट नकार देतो तेव्हा शकार आपल्या चेटाकडे, म्हणजे दासाकडे, स्थावरकाकडे वळतो. हा संवाद पायरीपायरीने वाचावा. सोन्याची कडी देतो. घालीन, म्हणतो स्थावरक. सोन्याचं आसन करवतो. बसेन. उरलेलं सगळं जेवण तुझं. खाईन. सगळ्या नोकरांवर तुला मुख्य करतो. होईन. मग माझं एक काम कर. सगळं करीन, अकार्य सोडून. अकार्याचा वासही नाही, वसंतसेनेला मार.

स्थावरक नाही म्हणतो. शकार मारतो. स्थावरक म्हणतो: 'प्रभवति भट्टकः शरीरस्य, न चारित्रस्य.' मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही.

त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. त्याला परलोकाची भीती आहे. पुण्याचं फळ काय, शकार विचारतो. तुमच्यासारखं सोन्याने मढणं. पापाचं? माझ्यासारखं दुसऱ्याच्या तुकड्यावर जगणं. म्हणून पुन्हा पाप नको. म्हणजे आपलं दास्य हे गेल्या जन्मीच्या पापाचं फळ, असं तो मानतो. आजच्या वाचकाला हे खटकेल, खटकायलाच हवं. पण नाट्य असं की ज्या समजुतीने त्याला दास ठेवलं, तिचाच आधार घेऊन तो मालकाला अडवतो.

विटाचं मात्र इथे चुकतं. वसंतसेना विटासमोर लाजते, तू जा म्हणजे ती वश होईल, असं शकार सांगतो आणि विट पटवून घेतो. तो निघून जातो. नकार देऊन झाला, आपले हात स्वच्छ राहिले, एवढ्यावर त्याने समाधान मानलं. परत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आधी शकार त्याला धनाची लालूच दाखवतो, मग खुनाचा आळ त्याच्यावरच घालायला निघतो. तेव्हा विट तलवार उपसतो, त्याला सोडून देतो आणि पालक राजाविरुद्धच्या शर्विलकाच्या बंडाला जाऊन मिळतो.

त्या बंडात कोण कोण आहे ते पाहा. चोर शर्विलक. गाडीत लपलेला आर्यक सापडूनही त्याला सोडून देणारा आणि सहकारी वीरकाला लाथ घालणारा पहारेकरी चंदनक. आता विट. आपापल्या जागी हुकूम किंवा कर्तव्य मोडून बसलेली माणसं एकत्र आल्यावर राज्य उलटतं. पालक राजा स्वतः रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याच्या राज्याची ओळख त्याचा मेव्हणा करून देतो.

प्रामाणिक न्यायाधीशाकडून अन्याय कसा होतो

नववा अंक वकिलांनी मुद्दाम वाचावा. न्यायासनावर अधिकरणिक, म्हणजे न्यायाधीश, आहे, मदतीला श्रेष्ठी, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, आणि लेखनिक कायस्थ. यांतला एकही लाचखाऊ नाही. तरी निकाल उलटा लागतो. कसा?

पहिली चूक सुरुवातीलाच. आज तुमची तक्रार ऐकणार नाही, असं न्यायाधीश शकाराला कळवतो. शकार धमकी देतो की मेव्हण्याला सांगून तुला काढून दुसरा न्यायाधीश बसवीन. न्यायाधीश तक्रार ऐकायला तयार होतो. एवढं वाकणं पुरतं.

मग शकार बोलता बोलता सांगून जातो की उद्यानात कुणीतरी वसंतसेनेला मारलं, 'मी नाही', आणि तोंडावर हात ठेवतो. कायस्थ ते शब्द लिहून घेतो, शकार पायाने पुसून टाकतो. न्यायाधीशाच्या हे लक्षात येतं. व्यवहार, म्हणजे खटला, दोन अंगांनी पाहायचा असतो, असं तो स्वतः म्हणतो: वादी-प्रतिवादींच्या बोलण्यावरून, आणि वस्तुस्थितीवरून, दुसऱ्यासाठी न्यायाधीशाला स्वतःची बुद्धी लागते. तत्त्व चोख आहे. पण नंतर जो पुरावा येतो तो सगळा चारुदत्ताविरुद्ध जातो, आणि त्यातला प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर खरा असतो.

वसंतसेनेची आई सांगते की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. खरं. चंदनकाच्या लाथेची तक्रार घेऊन वीरक येतो; गाडी चारुदत्ताची होती आणि वसंतसेनेला उद्यानात नेत होती असं गाडीवान म्हणाला होता, असं तो सांगतो. गाडीवानाचा तसा समज होता, हेही खरं. वीरकाला उद्यानात धाडतात, तो श्वापदांनी खाल्लेलं बाईचं प्रेत पाहून येतो. प्रेत होतंच, पण झाड अंगावर पडून मेलेल्या दुसऱ्याच बाईचं. शेवटी मैत्रेय येतो. रोहसेनच्या गाडीतले दागिने परत करायला तो निघालेला, शकाराशी हातघाई होते आणि त्याच्या काखेतून दागिने सर्वांसमोर जमिनीवर पडतात.

परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात तो हाच, आणि त्याचा धोका इतक्या स्वच्छपणे मांडलेला मी दुसऱ्या जुन्या नाटकात पाहिला नाही. चार खऱ्या गोष्टी जोडून एक खोटी गोष्ट तयार होते.

चारुदत्त बोलला असता तर? गणिका मैत्रीण आहे का, या प्रश्नालाच तो लाजतो. ती घरी गेली, एवढं म्हणतो. कशी गेली, कुणाबरोबर, यावर गप्प. गाडीत खरं कोण बसलं होतं हे सांगायचं तर आर्यकाचं नाव घ्यावं लागेल, आणि त्याच्या बेड्या तोडून त्याला चारुदत्तानेच वाटेला लावलं आहे. नाटकात हे कारण तो उघड बोलून दाखवत नाही, पण प्रसंगांची जुळणी पाहिली की मौनामागे लाज आणि दिलेला आसरा दोन्ही दिसतात. 'मी मारलं असं तूच म्हण' असं शकार डिवचतो तेव्हा तो थकून म्हणतो, तूच म्हणालास ना. शकार त्याला कबुलीजबाब ठरवतो.

या गदारोळात एक बाई उठते. वसंतसेनेची आई म्हणते, माझी मुलगी मेली असेल तर मेली, हा जगो. फिर्यादी मी आहे, याला सोडा. ज्यांचं नुकसान झालं त्यांची तक्रारच नाही! तिला बाहेर काढतात.

न्यायाधीश शेवटी म्हणतो, निर्णयापुरते आम्ही, पुढचं राजाचं. मनूच्या नियमाप्रमाणे ब्राह्मणाला देहदंड नाही, धनासह हद्दपार करावं, अशी तो शिफारस करतो. पालकाचा हुकूम येतो: तेच दागिने गळ्यात बांधून, दवंडी पिटत, सुळावर द्या. कायदा माहीत असलेला न्यायाधीश आणि तो न जुमानणारा राजा यांच्या मधल्या जागेत चारुदत्त सापडतो.

'पण हे सगळं योगायोगावर सुटतं'

हा आक्षेप रास्त आहे. गाड्या चुकतात, प्रेत भलतंच निघतं, वध करणाऱ्या चांडालाच्या हातून तलवार निसटते. दुर्गुणाला शिक्षा आणि सद्गुणाला बक्षीस हे आपोआप होत नाही, अशी शूद्रकाची समजूत असावी. चारुदत्त शेवटी दैवाला रहाटाच्या पोहऱ्यांची उपमा देतो, वर-खाली करणारी.

पण योगायोगाला वेळ मिळवून देणारी माणसं आहेत. चांडाल वध लांबवतात. एकाला बापाने शिकवलं आहे की घाई करू नकोस: कधी कुणी पैसे भरून सोडवतं, कधी राजाला मुलगा होतो आणि सगळे सुटतात, कधी हत्ती साखळी तोडतो, कधी राजाच बदलतो. तेवढ्या वेळात स्थावरक माडीच्या खिडकीतून साखळदंडासकट उडी टाकून खरं ओरडून सांगतो. (शकार त्याला चोर ठरवतो, आणि दासाचं कोण ऐकतो.) तेवढ्या वेळातच भिक्षू वसंतसेनेला घेऊन पोहोचतो. हा भिक्षू म्हणजे दहा सुवर्णमुद्रांच्या जुगारी कर्जातून वसंतसेनेने सोडवलेला संवाहक, म्हणजे तो मालिशवाला. वध करणाऱ्यांचा तो विलंब योगायोग नव्हे.

'शकाराला सोडून देणं हा न्याय कसा?'

लोक शकाराला फरफटत आणतात, शर्विलक विचारतो याचं काय करू. शकार चारुदत्ताचे पाय धरतो. शरण आलेल्या शत्रूवर शस्त्र चालवू नये, असं चारुदत्त म्हणतो. मग कुत्र्यांना घालू? नाही, उपकाराने मारावा. शकार सुटतो.

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. क्षमा करायचा अधिकार चारुदत्ताला आहे, त्याच्यापुरता. गळा मात्र वसंतसेनेचा आवळला होता आणि तिला कुणी विचारत नाही. मला ही नाटकातली खरी उणीव वाटते. बचावात एवढं म्हणता येईल की मेव्हण्याची सत्ता गेल्यावर शकार पुन्हा पहिल्या अंकातला विदूषकी माणूस उरतो. त्याच्यातलं विष राजवाड्यातून येत होतं.

बक्षिसांच्या वाटपातही शूद्रकाच्या काळाची कुंपणं दिसतात. स्थावरक दास्यातून मुक्त होतो, भिक्षू सगळ्या विहारांचा प्रमुख होतो, वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळतो. 'चांडालकुळात जन्मलो तरी आम्ही चांडाल नाही, सज्जनाला छळतात ते चांडाल' असं ज्यांनी सुनावलं, त्या चांडालांना काय? सगळ्या चांडालांचं प्रमुखपण. म्हणजे वाक्य टाळ्यांचं, जागा तीच. धूतेलाही नव्या सवतीचं हसून स्वागत करावं लागतं.

रंगमंचावर हे कुठे फसतं

मराठीत हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत रूपात आणलं, 'तेचि पुरुष दैवाचे' हे पद त्यातलंच. १९८४ साली गिरीश कार्नाडांनी यावर 'उत्सव' हा हिंदी चित्रपट केला, त्यात शशी कपूर शकार झाले होते. महाविद्यालयीन आणि हौशी संघही हे नाटक उचलतात, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतात: शकार निव्वळ विनोदी होतो. पहिल्या अंकात हशे वसूल होतात, मग आठव्यात गळा आवळताना प्रेक्षक हसतच राहतो. उलट त्याला सुरुवातीपासून क्रूर केलं तर पहिला अंक जड होतो आणि विट, स्थावरक इतके दिवस त्याच्याकडे का राहिले हे कळत नाही. उपाय संहितेतच आहे. आवाज, चाल, 'श'कार शेवटपर्यंत तेच ठेवावेत. आठव्या अंकात बदल दिसावा तो विट आणि स्थावरकाच्या प्रतिक्रियेत. 'होडी मी देतो' या वाक्याला विटाने हसू नये, एक पाऊल मागे जावं. प्रेक्षक त्याच्याकडे पाहून थांबतो.

दुसरी चूक संहिता कापताना होते. दहा अंक एका रात्रीत बसत नाहीत, म्हणून जुगाऱ्यांचा दुसरा अंक आणि पहारेकऱ्यांचं भांडण आधी उडवलं जातं. दुसरा अंक गेला की दहाव्यात वसंतसेनेला घेऊन येणारा भिक्षू कोण, हे कुणाला कळत नाही. भांडण गेलं की वीरक न्यायालयात का आला हे कळत नाही आणि पुराव्याची साखळी तुटते. कापायचंच असेल तर पाचव्या अंकातलं पावसाचं वर्णन आणि चौथ्यातले वसंतसेनेच्या वाड्याचे आठ चौक कापावेत. काव्य म्हणून ते सुंदर आहेत, पण खटला त्यांच्यावाचून उभा राहतो.